आयोवाचं शिवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातलं गाव सोडून मला अमेरिकेतल्या आयोवात येऊन बरीच वर्षं झाली. गावी गेलो की पारावर, इथे असलो की व्हिडिओ कॉलवर, आणि ऑगस्ट महिना लागला की शिकायला येणाऱ्या नव्या मुलांकडून तेच ते प्रश्न येतात. दरवेळी नव्याने उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. मी शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे उत्तरं मातीकडे जरा जास्त झुकलेली आहेत. शॉपिंग मॉलची माहिती हवी असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

आयोवा म्हणजे नक्की कुठे? बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे तेच ना?

नाही, बटाट्यांचं ते आयडाहो. ओहायोही वेगळं. आयोवा मक्याचं. नकाशात अमेरिकेच्या मधोमध बोट ठेवा आणि थोडं वर, थोडं उजवीकडे सरकवा. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिझुरी आणि तिला मिळणारी बिग सू. पूर्व आणि पश्चिम अशी दोन्ही अंगांची शीव पूर्णपणे नद्यांनीच आखलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जरा कमी आणि २०२० च्या जनगणनेत लोक सुमारे ३२ लाख. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. राजधानीचं नाव लिहिताना शेवटी 'स' येतो, पण तो उच्चारायचा नाही: डि मॉइन. मी पहिले सहा महिने 'डेस मॉइन्स' म्हणत होतो आणि कुणी एका शब्दाने टोकलं नाही. इथली माणसं तशीच आहेत.

सगळं सपाटच आहे ना? गाडीतून तर कंटाळा येतो म्हणतात.

८० नंबरच्या इंटरस्टेटवरून ताशी ११० किलोमीटरने गेलात तर कंटाळा येणारच. तो रस्ता राज्यात सुमारे ४९० किलोमीटर धावतो आणि प्रत्येक वळणावर मकाच दिसतो. वळणंही फारशी नाहीत.

पण राज्य एकसारखं नाही. खरं सपाट आहे ते उत्तर-मध्य आयोवा. शेवटच्या हिमयुगात, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी, बर्फाची एक जाड जीभ उत्तरेकडून सरकत आज डि मॉइन जिथे आहे तिथपर्यंत आली आणि वितळली. मागे राहिली ती रगडून बारीक झालेली माती, गोटे आणि हजारो उथळ खळगे. दक्षिण आयोवावर त्याच्याही कितीतरी आधी बर्फ येऊन गेला होता. नंतरच्या काळात ओढ्या-नद्यांनी ती जमीन कोरत नेली, म्हणून तिकडे चढउतार आहेत, गुरांची कुरणं आहेत. ईशान्य कोपऱ्यात चुनखडीचे कडे, गार पाण्याचे झरे आणि दाट झाडी. तिथे गेल्यावर आपण त्याच राज्यात आहोत यावर विश्वास बसत नाही.

आणि पश्चिमेला लोएस टेकड्या. मिझुरीच्या पात्रातला पिठासारखा बारीक गाळ वाऱ्याने उचलला आणि काठाला आणून रचला. काही ठिकाणी या टेकड्या २०० फूट उंच आहेत. असे जाड थर याखेरीज चीनमध्येच सापडतात. ही माती उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते, पण पावसाचं पाणी आत शिरलं की साखरेसारखी विरघळते. मिझुरीच्या बाजूच्या कोरड्या उतारांवर यक्का नावाचं घायपातासारखं काटेरी झुडूप उगवतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गाडी थांबवून खाली उतरलो होतो.

राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण मात्र अगदीच नम्र आहे. हॉकाय पॉइंट, उंची ५०९ मीटर, गुरांच्या लांबलचक गव्हाणीच्या टोकाला. आमचं लातूर शहर त्याहून उंचावर आहे, हे सांगितलं की इथले मित्र हसतात.

माती काळी आहे म्हणजे आपल्या काळ्या रानासारखीच का?

रंगावर जाऊ नका. आपली रेगूर बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात फुगणारी चिकणमाती जास्त, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात पायाला पायताणासारखी चिकटते. इथली माती काळी आहे ती गवतामुळे. हिमनदीने आणलेला चुरा आणि वाऱ्याने आणलेला पोयटा यांवर हजारो वर्षं उंच गवत उगवलं, मेलं, कुजलं. त्या गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली, मुळांतच असायचा. काही जातींची मुळं दहा फुटांखाली जात. ती मुळं मरून जो सेंद्रिय कस साठला, तोच हा काळा रंग. हातात घेतली तर ती रवाळ आणि हलकी लागते, भाकरी कुस्करल्यासारखी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, इथे आले होते तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी शेताच्या कडेला बसून मूठभर माती उचलली, वास घेतला आणि विचारलं, "यात शेणखत किती गाड्या टाकतात?" मी म्हटलं, "मुळात आधी कुणीच टाकलं नव्हतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मक्याच्या आधी इथे काय होतं? जंगल?

गवत. नद्यांच्या काठाला ओक आणि इतर झाडं होती, पण राज्याचा साधारण चार पंचमांश भाग प्रेअरी होता. प्रेअरी म्हणजे नुसतं कुरण नव्हे. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्यावरून जायचं. त्याचा तुरा तीन बोटांचा, टर्कीच्या पावलासारखा. मधेमधे शेकडो प्रकारची फुलझाडं, खळग्यांत पाणी, पाण्यावर बदकं. शरद ऋतूत गवत वाळलं की वणवे लागत, कधी विजेने, कधी मूळच्या लोकांनी मुद्दाम लावलेले. आगीत झाडांची रोपं मरायची, गवत मुळांतून परत फुटायचं. म्हणून तर प्रेअरी प्रेअरी राहिली.

आज त्या प्रेअरीतला हजारात एक भागसुद्धा उरलेला नाही. रेल्वेच्या रुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, नांगर फिरू शकला नाही अशा कोपऱ्यांत तेवढी शिल्लक आहे. काही जागी तर शेजारच्या शेतापेक्षा प्रेअरीचा तुकडा उंच दिसतो. बांधाशी उभं राहिलं की पायरी असल्यासारखं वाटतं. तो तुकडा वर आलेला नाही, आजूबाजूचं रान दीडशे वर्षांच्या नांगरटीत आणि धुपीत खाली गेलंय.

एवढं गवत मोडलं कसं?

फार कष्टाने, आणि विलक्षण वेगाने. त्या मुळांचं जाळं इतकं घट्ट होतं की साधा नांगर चालायचाच नाही. भलामोठा 'ब्रेकिंग' नांगर आणि त्याला बैलांच्या तीन-चार जोड्या, कधी जास्त. ज्यांच्याकडे एवढे बैल नव्हते ते नांगरट मोलाने करून घेत. दुसरी अडचण चिकट मातीची. ओतीव लोखंडाच्या फाळाला ती चिकटून बसे आणि दर थोड्या पावलांनी थांबून खरवडावी लागे. शेजारच्या इलिनॉयमध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर बनवला, त्यावरून माती आपोआप घसरू लागली. त्याच नावाचे हिरवे-पिवळे ट्रॅक्टर आता आपल्याकडेही गल्लोगल्ली दिसतात.

पहिल्या वर्षी उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने खाच पाडून त्यात मक्याचे दाणे टाकायचे, एवढीच पेरणी. साधारण दोन पिढ्यांत एवढं मोठं गवताळ रान शेतीखाली गेलं.

जमीन पाणथळ होती म्हणता. मग ते पाणी गेलं कुठे?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, आणि तो फार थोडे लोक विचारतात, कारण उत्तर जमिनीखाली आहे.

उत्तर-मध्य आयोवातली जमीन हिमनदीने टाकलेली, अजून नद्यांनी नीट न कोरलेली. पाण्याला जायला वाटच नव्हती. वसंतात बर्फ वितळलं की खळगे भरत, डासांचा आणि हिवतापाचा सुळसुळाट होई. पहिले वसाहतकार या भागाला टाळून पुढे गेले. चिबड रान कोण घेणार?

मग आली 'टाइल'. नाव टाइल असलं तरी ती फरशी नव्हे. फूटभर लांबीच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या. तीन-चार फूट खोल चर हाताने खणायचा, त्यात या नळ्या एकापुढे एक ठेवायच्या, सांधे उघडेच सोडायचे. जास्तीचं पाणी सांध्यांतून आत झिरपतं आणि उताराने ओढ्यात जातं. मेसन सिटीसारख्या गावांत विटा आणि टाइलचे मोठे कारखाने उभे राहिले. एकट्याने पाणी काढून भागत नाही, कारण माझं पाणी तुमच्या रानात येणार. म्हणून शेतकऱ्यांचे 'ड्रेनेज डिस्ट्रिक्ट' बनले. १९०८ मध्ये त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्तीही झाली. सगळ्यांवर पट्टी बसवायची आणि मोठे सामाईक चर खणायचे, आपल्या पाणीवाटप संस्थेची उलटी आवृत्ती म्हणा. आपण पाणी आणण्यासाठी भांडतो, इथे ते घालवण्यासाठी एकत्र आले.

आता मातीच्या नळ्यांऐवजी छिद्रं असलेले प्लास्टिकचे पाइप यंत्राने अंथरतात. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड झालेल्या उसाच्या रानात सच्छिद्र पाइप टाकतात, तोच प्रकार. फायदा काय? वाफसा लवकर येतो. एप्रिलच्या शेवटी शेजारच्या शेतकऱ्याबरोबर मी त्याच्या रानात उभा होतो. त्याने मूठभर माती दाबली, अंगठ्याने पुढे ढकलली. पट्टी न होता ती फुटली. "चल, उद्या पेरू," म्हणाला. आदल्या आठवड्यात तिथे धो धो पाऊस झाला होता. कडेच्या चरात पाइपच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती, स्वच्छ आणि थंड. रानाचं पाणी आवाज करत चाललं होतं.

राज्यातल्या पाणथळ जागांपैकी दहातल्या जवळपास नऊ अशाच गेल्या. जगातल्या उत्तम शेतजमिनींत आज जिची गणना होते ती जमीन मुळात दलदल होती, आणि वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

विमानातून बुद्धिबळाच्या पटासारखं का दिसतं?

१७८५ च्या कायद्यामुळे. माणसं येण्याआधीच सरकारी मोजणीदारांनी साखळ्या ओढत सगळी जमीन चौकोनांत कापली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे एक मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, एका कुटुंबाचं शेत. प्रत्येक टाउनशिपमधला १६ नंबरचा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव. सेक्शनच्या कडेने रस्ते, म्हणून जवळपास दर मैलाला एक खडीचा रस्ता, थेट उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम. इथला माणूस पत्ता सांगताना डावीकडे-उजवीकडे म्हणत नाही, "दोन मैल उत्तरेला, मग अर्धा मैल पश्चिमेला" म्हणतो. घरातसुद्धा कपाटाच्या 'पूर्वेच्या दारात' साखर आहे असं सांगणाऱ्या आजीबाई मला भेटल्यात.

गंमत अशी की पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात, चौकोन बसेनासे होतात. म्हणून काही ठरावीक अंतरावर हिशेब जुळवला जातो आणि सरळ जाणारा रस्ता अचानक एक वळसा घेऊन पुन्हा सरळ होतो. रात्री धुक्यात हे वळण लक्षात आलं नाही तर गाडी मक्यात जाते. माझी गेली आहे.

इथले मूळचे लोक कोण? ते कुठे गेले?

राज्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते आयोवे लोक; ते स्वतःला बाखोजे म्हणतात. याखेरीज सॉक, मेस्क्वाकी, डकोटा आणि इतर. ईशान्येला मिसिसिपीच्या काठावर अस्वलांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे ढिगारे आहेत, शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी रचलेले. हे लोक नुसते शिकारी नव्हते. बायका मका, घेवडा आणि भोपळा पिकवायच्या. 'मका आणला तो गोऱ्या शेतकऱ्यांनी' असा गैरसमज असेल तर तो सोडा.

१८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा टापू फ्रान्सकडून विकत घेतला, तिथे राहणाऱ्यांना न विचारता. १८३२ मध्ये ब्लॅक हॉक या सॉक नेत्याचं युद्ध झालं, तो हरला, आणि शिक्षा म्हणून मिसिसिपीच्या पश्चिमेचा लांबलचक पट्टा घेण्यात आला. १ जून १८३३ ला तो वसाहतकारांना मोकळा झाला. मग एकेक करार आणि एकेक पट्टा. १८३७ मध्ये नोचिनिंगा हा आयोवे पुढारी वॉशिंग्टनला बोलणीसाठी गेला तेव्हा त्याने स्वतःच्या लोकांनी काढलेला नकाशा पुढे ठेवला. नद्या, जुनी गावं, पूर्वजांच्या वाटा, सगळं त्यात होतं. आमची जमीन ही, हा पुरावा. तो मानला गेला नाही. नकाशा मात्र सरकारी दप्तरात जपून ठेवलाय.

मेस्क्वाकींची गोष्ट वेगळी. त्यांनाही कॅन्ससला धाडलं होतं. काही जण गेलेच नाहीत, काही परत आले, आणि १८५७ मध्ये त्यांनी टामा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ८० एकर जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली. सरकारने नेमून दिलेली राखीव जागा नव्हे, खरेदीखताची जमीन. आज त्यांच्याकडे आठ हजारांहून जास्त एकर आहे आणि ते तिथेच राहतात. सातबाऱ्यावर नाव असण्याचं महत्त्व आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग जमीन सरकारने फुकट वाटली का?

इथे फारशी नाही. फुकट जमिनीचा होमस्टेड कायदा १८६२ चा, तोवर आयोवातली बहुतेक जमीन विकली गेली होती. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर. ते नव्हते म्हणून कित्येकांनी चढ्या व्याजाने कर्ज काढलं, आणि सट्टेबाजांनी कागदावर हजारो एकर घेऊन ठेवले.

आले कोण?

पूर्वेकडच्या राज्यांतले अमेरिकन, मग जर्मन (सर्वांत जास्त), नॉर्वेजियन, आयरिश, चेक, स्वीडिश, डॅनिश. पेला गाव १८४७ मध्ये डच लोकांनी वसवलं, तिथे अजून पवनचक्की आणि ट्यूलिप आहेत. अमाना या जर्मन धार्मिक वसाहतीत १९३२ पर्यंत जमीन आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं सामाईक होतं. संगीतकार ड्वोरझाक १८९३ चा उन्हाळा स्पिलव्हिल नावाच्या इवल्याशा चेक गावात राहिला होता. आज मांस कारखान्यांच्या गावांत मेक्सिको आणि ग्वाटेमालाहून आलेली कुटुंबं आहेत, आणि स्टॉर्म लेकसारख्या ठिकाणी टॅको आणि लाओसचं जेवण एकाच रस्त्यावर मिळतं.

गाव कसं असतं? आपल्यासारखं?

अजिबात नाही, आणि मला जुळवून घ्यायला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. आपल्याकडे गावठाण एका जागी, शेतं बाहेर. सकाळी माणूस रानात जातो, संध्याकाळी परततो. इथे प्रत्येकाचं घर त्याच्या स्वतःच्या शेतात. शेजारी अर्ध्या मैलावर. घराभोवती वाऱ्याला अडवणारी झाडांची रांग, एक जुनं लाकडी कोठार (बहुतेकदा मोडकळीला आलेलं), धान्याच्या पत्र्याच्या गोल कणग्या आणि एखादा कुत्रा.

'टाउन' म्हणजे दुकानांची वस्ती: एक मुख्य रस्ता, दोन-तीन चर्च, पोस्ट, पाण्याची उंच टाकी आणि रेल्वेच्या बाजूला धान्याचे प्रचंड एलेव्हेटर, म्हणजे साठवणीचे उंच मनोरे. सपाट रानात मैलोन्मैल आधी तो एलेव्हेटर दिसतो, आपल्याकडे देवळाचा कळस दिसावा तसा. चावडीचं काम पेट्रोल पंपावरचं कॉफीचं टेबल करतं. पहाटे सहाला म्हातारे शेतकरी टोप्या घालून बसलेले असतात, विषय पाऊस आणि भाव. रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. ओळख असो-नसो. सुरुवातीला मला वाटायचं, माझी गाडी ओळखतात.

एका शेतकऱ्याकडे किती जमीन असते? भाव काय?

२०२२ च्या कृषी गणनेत राज्यात सुमारे ८७ हजार शेतं होती आणि सरासरी ३४५ एकर. पण सरासरी फसवी. छंद म्हणून दहा एकर करणारेही त्यात आहेत. नुसत्या मका-सोयाबीनवर घर चालवणाऱ्याला हजार-दोन हजार एकर करावे लागतात, आणि त्यातली बरीचशी जमीन खंडाने घेतलेली. खंड एकरी २७०-२८० डॉलरच्या घरात. विकत घ्यायची तर २०२४ ची सरासरी एकरी ११,४६७ डॉलर होती, आणि उत्तम रानाला त्याहून बराच जास्त भाव पडतो. जमिनीपैकी जवळपास दोन तृतीयांश ६५ वर्षं ओलांडलेल्यांच्या नावावर आहे. मुलं शिकागोत किंवा डेन्व्हरला. बापाचं वय झालं, मुलगा शहरात, रान कसणारा तिसराच, हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग आपल्यात आणि यांच्यात फरक काय राहिला?" "ट्रॅक्टरला एसी आहे," मी म्हटलं.

एवढा मका खातं कोण?

माणसं जवळजवळ नाहीच. दाण्याला वाळल्यावर खळगा पडतो तो 'डेंट' मका, भाजून खाण्याचा नव्हे. एकरी २०० बुशेलच्या आसपास उतारा, म्हणजे साधारण ५० क्विंटल. त्यातला अर्ध्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, मोठा हिस्सा डुकरांना, कोंबड्यांना आणि गुरांना. डुकरं राज्यात दोन कोटींच्या वर, माणशी सात तरी. (वास? हो, येतो. वारा कुठल्या दिशेचा आहे त्यावर.)

सोयाबीन एकरी १६ क्विंटलपर्यंत जातं. आमच्याकडे कोरडवाहू रानात सहा-सात झालं तरी साल बरं गेलं म्हणतात. आणि दोन्हीकडचा भाव शिकागोच्या बाजाराकडे कान लावून असतो. ब्राझीलमध्ये पाऊस पडला की लातूरच्या मोंढ्यात आणि आयोवाच्या एलेव्हेटरवर एकाच आठवड्यात चेहरे पडतात.

जालन्याचा आणि आयोवाचा काहीतरी संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

खरं. गोष्ट बियाण्याची आहे. हेन्री ए. वॉलेस या आयोवाच्या माणसाने १९२६ मध्ये संकरित मक्याचं बियाणं विकायला कंपनी काढली. पुढे ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. संकरित बी तयार करायला मादी ओळींचे तुरे खुडावे लागतात, म्हणजे शेजारच्या नर ओळींचाच पराग कणसावर पडतो. जुलैमध्ये शाळेची पोरं पहाटे बसने शेतात जातात आणि दिवसभर तुरे खुडतात. पानांनी हात कापतात, दवाने अंग भिजतं, दुपारी ऊन भाजून काढतं. इथल्या कित्येक डॉक्टर-वकिलांची पहिली कमाई हीच. कपाशीच्या सीड प्लॉटमध्ये फुलं हाताने सोलणाऱ्या मजुरांना हे लगेच कळेल.

हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉगही याच मातीतले, १९१४ मध्ये क्रेस्को गावाजवळ जन्मलेले. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं जागतिक अन्न पारितोषिक डि मॉइनमधून दिलं जातं. पहिलं, १९८७ चं, एम. एस. स्वामीनाथन यांना मिळालं, आणि १९९८ चं जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना, महिको ही बियाणे कंपनी उभी करणाऱ्या. बियाण्याची दोन गावं अशी जोडली गेली.

पाणी पिण्यासारखं आहे का?

नळाचं आहे. पण त्यामागे खर्च आहे. टाइलची गोष्ट इथे उलटते. जी नळी पाणी काढते तीच नायट्रेटही काढून नेते, खताचं आणि मातीतल्या कसाचं. ते ओढ्यात, ओढ्यातून रकून नदीत आणि तिथून डि मॉइनच्या पाणीपुरवठ्यात. शहराने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढायचा मोठा प्रकल्प उभारला. २०१५ मध्ये शहराच्या पाणी संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांच्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर खटला भरला, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात नायट्रेट इतकं वाढलं की अंगणात पाणी घालायला बंदी आली. उरलेलं मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे माशांचा श्वास कोंडतो.

शेतकऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, मला ते पटत नाही. आजोबांनी टाकलेली नळी तो उपटू शकत नाही. पण हिवाळ्यात रान उघडं न ठेवता राय (गव्हासारखं धान्य) पेरणं, नळीच्या तोंडाशी लाकडाच्या बारीक तुकड्यांचा गाळणीसारखा खड्डा करणं, हे उपाय इथल्या विद्यापीठाला ठाऊक आहेत. वापरणारे अजून थोडे आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे.

गावं ओस पडतायत का?

बरीचशी. १९०० मध्येच राज्यात २२ लाख लोक होते. सव्वाशे वर्षांत फक्त दहा लाखांची भर, तीही शहरांत. कित्येक काउंट्यांत आज १९०० पेक्षा कमी माणसं आहेत. ट्रॅक्टरने माणसं कमी केली, आणि १९८० च्या दशकातल्या कर्जसंकटात व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले आणि हजारो कुटुंबांची शेतं लिलावात गेली. त्या काळाबद्दल इथले पन्नाशी-साठीचे लोक फार कमी बोलतात. दोन-तीन गावांची मिळून एक शाळा होते, तिच्या नावात तिन्ही गावांची नावं आडव्या रेघांनी जोडलेली असतात. फुटबॉल संघाचं नाव काय ठेवायचं यावर मात्र वर्षभर भांडण.

हवा कशी?

जानेवारीत उणे २५. जुलैत ३५ आणि मक्याच्या पानांतून सुटणाऱ्या वाफेमुळे अंग चिकट. पाऊस मराठवाड्याहून जरा जास्त, पण वर्षभर विभागून. १० ऑगस्ट २०२० ला डेरेचो नावाचं वादळ आलं, उभा मका लाखो एकर आडवा केला. इथेही पीक विमा आहे, इथेही त्यावर कुरकुर आहे.

आलो तर काय बघू?

ऑगस्टमध्ये आलात तर डि मॉइनची राज्य जत्रा. तिथे १९११ पासून लोण्याची गाय घडवतात, खरीखुरी गाईएवढी. प्रेअरी सिटीजवळ सरकारने शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उगवली आहे, तिथे गवे (बायसन) चरतात. मे महिन्यात जमलं तर सीडर काउंटीतली रॉचेस्टर दफनभूमी चुकवू नका. वसाहतकारांची थडगी, जुने ओक, आणि कधीच नांगर न लागलेल्या मातीत हजारो 'शूटिंग स्टार' फुलं, पाकळ्या मागे उलटलेली. वाटेवर चाला, फुलांवर नको.

जुलै-ऑगस्टमध्ये खडीच्या रस्त्यांवर टेबल मांडून स्वीट कॉर्न विकायला ठेवलेलं असतं. विकणारं कुणी नसतं, फक्त पैशांचा डबा. डझनाचे पैसे टाका आणि कणसं घ्या. भाजून लिंबू-तिखट लावून खायचं असेल तर लिंबू आणि तिखट बरोबर आणा, इथे लोणी लावून देतात.